मॉड्यूलच्या सांध्यावर गाडी पुन्हापुन्हा घसरते? कानस काढण्याआधी हे वाचा

मंडळी, मॉडेल रेल्वेचं मॉड्यूलर लेआउट करणाऱ्या, म्हणजे प्रत्येकाने घरी बनवलेले रुळांचे तुकडे (मॉड्यूल्स) एकत्र जोडून गाड्या चालवणाऱ्या, जवळपास प्रत्येक ग्रुपला हा त्रास होतोच. घरी मॉड्यूल एकटं टेबलावर असतं तेव्हा त्यावर गाडी सरसर पळते, मग सगळे जमतात, दहा-बारा मॉड्यूल्स जोडली जातात आणि नेमका सांध्यावर तिसरा-चौथा डबा खाली उतरतो. मग कोणीतरी कानस काढून रुळाचं टोक थोडं घासतो, दुसरा खाली कागदाची घडी सरकवतो, गाडी पार होते, सगळे खूश. पुढच्या वेळी तेच मॉड्यूल वेगळ्या शेजाऱ्याला लागतं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू.

आमच्याकडे माझ्या एका मॉड्यूलचं हे लागोपाठ तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की आम्ही दर वेळी माझं मॉड्यूल त्या दिवशीच्या शेजाऱ्याला जुळवत होतो, म्हणजे एका सांध्याची चूक दुरुस्त करताना पुढच्या सांध्याची चूक तयार करत होतो. स्टँडर्ड, म्हणजे मॉड्यूलची सगळ्यांनी पाळायची ठरलेली मापं, असतं ते हे टाळायलाच. म्हणून माझं सांगणं एवढंच की सांधा बिघडला तर शेजाऱ्याला जुळवू नका, मास्टरला जुळवा. मास्टर म्हणजे काय आणि तो कसा करायचा ते पुढे येतंय, पण त्याआधी दोष नक्की कुठे आहे ते शोधायला हवं, कारण सांध्यावर गाडी घसरली म्हणजे दोष सांध्यातच असतो असं नाही.

सगळ्यात आधी डबा बघा. दर वेळी तोच एक डबा घसरतोय का? मग मॉड्यूल सोडा आणि त्या डब्याची चाकं मोजा. एचओमध्ये (१:८७ मापाच्या मॉडेलमध्ये) दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिमी हवं, ते कमी-जास्त असेल तर चांगल्या सांध्यावरसुद्धा तो डबा त्रास देणार. एनएमआरएचं (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेची संघटना) ते पत्र्याचं गेज, म्हणजे मापपट्टी, मिळतं ना, त्यावर चाकं आणि रूळ दोन्ही एका मिनिटात तपासता येतात, ग्रुपमध्ये एक तरी असावंच असं मला मनापासून वाटतं. वेगवेगळे डबे घसरत असतील तर मात्र सांध्याकडे वळा.

आता अदलाबदल करा, यात सगळ्यात जास्त कळतं आणि नेमकं हेच कोणी करत नाही कारण मॉड्यूल उचलायचा कंटाळा येतो. त्रास देणाऱ्या सांध्यावरची दोन मॉड्यूल्स घ्या, त्यातलं एक बाजूला काढून तिथे तिसरं लावा. आपण त्यांना क आणि ख म्हणू. क ला कुठलाही शेजारी दिला तरी घसरतं, तर दोष क मध्ये. क दुसऱ्यांशी नीट, ख सुद्धा दुसऱ्यांशी नीट, फक्त एकमेकांशी भांडतात, तर दोघांतही थोडी थोडी चूक आहे आणि ती उलट्या दिशांना आहे, वेगळी असताना चालून जाते, समोरासमोर आली की बेरीज होते. ज्या स्टँडर्डमध्ये मॉड्यूल १८० अंशात फिरवता येतं, उदाहरणार्थ फ्री-मो (एचओचं अमेरिकन स्टँडर्ड), तिथे फिरवूनही बघा. फिरवल्यावर त्रास मॉड्यूलबरोबर दुसऱ्या टोकाला गेला तर तो त्या एंडप्लेटचा (मॉड्यूलच्या टोकाची उभी फळी, जी शेजाऱ्याला टेकते), जागेवरच राहिला तर जमीन किंवा पाय बघा.

तिसरी खूण दिशेची. गाडी एकाच बाजूने जाताना घसरते आणि उलट येताना नाही, तर सांध्यावर पायरी आहे, एकतर उभी नाहीतर एकाच रुळाची आडवी. चाक पायरी उतरून जातं पण चढताना अडतं, साधं आहे. दोन्ही दिशांना डबे घसरत नाहीत पण सुटतात, त्यांना जोडणारे कपलर वेगळे होतात, तर तिथे कुबड किंवा खड्डा आहे, कारण कुबडावर एका डब्याचा कपलर वर जातो आणि दुसऱ्याचा खाली राहतो. ही गोष्ट लोक कपलरच्या माथी मारतात आणि कपलर बदलत बसतात.

किती पायरी म्हणजे जास्त? एचओमध्ये नेहमी दिसणाऱ्या आरपी-२५ चाकाची कड, म्हणजे फ्लँज, साधारण ०.६४ मिमी खोल असते. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची पायरी डोळ्याला काहीच वाटत नाही पण चाकाच्या दृष्टीने ती जवळजवळ अख्खी फ्लँज आहे. नेहमीच्या छपाईचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तर १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी सांध्यावर रुळाच्या डोक्यावर आडवी न ठेवता लांबीत ठेवा आणि पट्टीखाली किती कागद जातात ते बघा. एक गेला तर सोडून द्या, दोन गेले तर लिहून ठेवा, तीन-चार गेले तर तुमची गाडी का घसरते ते सापडलं. पट्टी रुळाच्या आतल्या बाजूला टेकवून आडवी पायरीसुद्धा अशीच मोजता येते. आणि नखाने बघा, नख अडकलं तर चाकही अडकणार.

आता ही पायरी येते कुठून. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा ती येते मोजमाप चुकीच्या जागेपासून घेतल्यामुळे, बनवणाऱ्याचा हात खराब असतो म्हणून नाही. स्टँडर्डमध्ये उंची लिहिलेली असते ती रुळाच्या डोक्याची असते, फळीची नाही. एनट्रॅकमध्ये (एन स्केलचं, म्हणजे एचओपेक्षा लहान मॉडेलचं स्टँडर्ड) जमिनीपासून ४० इंच, फ्री-मोमध्ये ५० इंच, आणि युरोपात १९८१ साली जर्मनीत सुरू झालेल्या फ्रेमोमध्ये १३०० मिमी. (फ्री-मो आणि फ्रेमो या नावांचा गोंधळ करू नका, ५० इंच म्हणजे १२७० मिमी, दोघांत तब्बल ३० मिमीचा फरक आहे, नाव ऐकून पाय कापून बसलेले लोक मी बघितलेत आणि फार वाईट वाटतं.) आता समजा एकाने कोड ८३ चा रूळ वापरला आणि दुसऱ्याने कोड १००, दोघांनी फळी एकाच उंचीला ठेवली, खालचा कॉर्कही सारखाच. कोड म्हणजे रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे एक ०.०८३ इंच आणि दुसरा ०.१०० इंच, फरक ०.०१७ इंच, साधारण ०.४३ मिमी. झाली पायरी तयार आणि दोघंही शपथेवर सांगणार की माझं माप बरोबर आहे. एन स्केलमध्ये कोड ८० आणि कोड ५५ शेजारी आले तर ०.०२५ इंच, म्हणजे ०.६ मिमीच्या वरच जातं. त्यातून स्लीपरची जाडीही प्रत्येक ट्रॅकची वेगळी. म्हणून आधी रूळ कुठला ते ठरवा, फ्री-मोने तर टोकाला कोड ८३ असं सरळ ठरवूनच टाकलंय, मग रुळाच्या डोक्यापासून खाली मोजत या.

आडव्या पायरीचंही तसंच. एनट्रॅकमध्ये तीन मेन लाइन असतात, लाल, पिवळी आणि निळी, पुढच्या कडेपासून ४ इंच, साडेपाच इंच आणि ७ इंच. कडेपासून म्हणजे कुठल्या कडेपासून? मॉड्यूलच्या चौकटीच्या पुढच्या कडेपासून. पण कोणी पुढे नंतर शोभेची पट्टी ठोकलेली असते ३-४ मिमीची आणि मग नवीन ट्रॅक बसवताना तिच्यापासून मोजतो, किंवा जोडताना क्लॅम्प लावून पुढच्या पट्ट्या एका सुतात आणतो आणि रूळ मात्र सरकलेले. पट्ट्या एका ओळीत दिसल्या की माणसाला समाधान वाटतं, ते मी समजू शकतो, पण गाडी पट्टीवरून जात नाही. जोडताना रूळ एका सुतात आणा, पट्ट्या पुढेमागे झाल्या तर होऊ द्या.

इथेच बोल्टाचा गैरसमज येतो आणि हा मुद्दा मला नीट सांगायचाय. फ्रेमोमध्ये एंडप्लेट एम८ च्या बोल्टाने जोडतात आणि भोक बोल्टापेक्षा मुद्दाम मोठं असतं. ते मोठं अशासाठी की बोल्ट फक्त धरून ठेवायला आहे, जुळवायला नाही. आधी बोल्ट सैल, मग बोटाने रूळ जुळवायचे, उंची आणि बाजू दोन्ही, मग घट्ट. पुष्कळ जण भोक बोल्टाच्या मापाचं पाडतात की आपोआप जुळेल, आणि मग भोक अर्धा मिमी इकडेतिकडे पडलं की तो सांधा आयुष्यभर अर्धा मिमी चुकलेलाच राहतो, सैल करून हलवायलाही जागा नाही. तुम्हाला खुंटीने, म्हणजे डॉवेलने, आपोआप जुळवून हवं असेल तर ती चांगलीच पद्धत आहे, पण मग प्रत्येक भोक एकाच मास्टरवरून पाडलेलं हवं, मोजून आणि पेन्सिलीने खूण करून नाही.

एंडप्लेटचा काटकोन हा दुसरा मोठा दोषी, माझ्या मॉड्यूलची चूक शेवटी इथेच निघाली. एंडप्लेट दोन बाजूंनी काटकोनात हवी, वरून बघताना रुळाला आणि बाजूने बघताना फळीला. माझी प्लेट खालून आत झुकलेली होती, अगदी थोडी, गुण्या लावल्यावर खाली प्रकाशाची फट दिसली तेवढीच. तशी दोन मॉड्यूल्स जोडली की प्लेटा वर आधी टेकतात आणि खाली फट राहते, क्लॅम्प तर खालीच लागतो, तो आवळला की खालची फट मिटते पण मॉड्यूलची लांबची टोकं खाली दाबली जातात, म्हणजेच सांधा वर उचलला जातो. कुबड! आणि आम्ही काय करत होतो, तर कुबड दिसतंय म्हणून त्या वरच्या रुळाची टोकं घासत होतो. घासून रूळ पातळ झाला, कुबड आहे तिथेच. प्लेट उलटी झुकलेली असेल, म्हणजे खाली आधी टेकत असेल, तर क्लॅम्प कितीही आवळा, वर रुळांमध्ये फट राहणार आणि लोक ती फट भरायला छोटे तुकडे लावतात. दोन्ही प्रकारांत रुळाचा काही दोष नाही. वरून बघतानाचा काटकोन चुकला तर ते एका सांध्यात फारसं कळत नाही, एक अंश चुकला तरी १६.५ मिमीच्या गेजवर (दोन रुळांमधल्या अंतरावर) एका रुळाच्या फटीत जेमतेम ०.३ मिमीचा फरक पडतो, पण गोल बंद करायचा असतो तेव्हा वीस मॉड्यूल्सचे अंश एकत्र होतात आणि शेवटचा सांधा जुळतच नाही. मग सगळे शेवटच्या मॉड्यूलवाल्याकडे बघतात, आणि त्या बिचाऱ्याचं मॉड्यूल कदाचित सगळ्यात बरोबर असतं.

टोकाजवळ रूळ सरळ आणि सपाट हवा हेही विसरू नका, फ्री-मोमध्ये एंडप्लेटपासून किमान ४ इंच रूळ सरळ, सपाट आणि प्लेटला काटकोनात ठेवायचा नियम आहे. जागा वाचवायला वळण थेट टोकापर्यंत नेलं की दोन वळणं उलट दिशांनी समोरासमोर येऊ शकतात, मग लांब डबे तिथे घसरणार म्हणजे घसरणार, कितीही घासा.

टी-ट्रॅक, म्हणजे टेबलावर ठेवायच्या छोट्या खोक्यांचं स्टँडर्ड, वापरणाऱ्यांसाठी वेगळं थोडंसं. तिथे क्लॅम्प नसतो, काटो कंपनीच्या युनिट्रॅक या तयार ट्रॅकचे जॉइनर, म्हणजे रूळ जोडणारे तुकडे, हेच मॉड्यूल धरून ठेवतात. एका मॉड्यूलचा खोका ३०८ मिमी आणि त्यावरचा ट्रॅक ३१० मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना ट्रॅक १ मिमी बाहेर येतो. हा १ मिमी शोभेचा नाही, खोक्याआधी ट्रॅक एकमेकांना भेटावा म्हणून आहे. कोणी खोका ३१० चा केला, किंवा बाजूंना रंगाचे तीन हात आणि गवताचा थर चढवला, की खोके आधी टेकतात, जॉइनर अर्धवट बसतात आणि दर वेळी तीच फट, तोच खडखडाट, वर करंटही मधूनच जातो. उपाय एकच, बाजू पॉलिश पेपरने घासून मूळ मापावर आणा. ट्रॅक ओढून बाहेर काढू नका. एनट्रॅकमध्ये दोन मॉड्यूल्सचे रूळ जोडणारा मधला सुमारे ५ इंचाचा तुकडा बसत नाही तेव्हा युनिट्रॅकचा ७८ ते १०८ मिमी लांब-आखूड होणारा तुकडा लोक वापरतात, कार्यक्रमाच्या दिवशी वेळ मारून न्यायला तो ठीक आहे, पण तो लागला याचा अर्थ कोणाचा तरी रूळ टोकापासून चुकीच्या अंतरावर संपलाय, ते मॉड्यूल घरी नेऊन मोजा.

मास्टर कसा करायचा. एक जाड, सरळ प्लाय किंवा अॅल्युमिनियमची प्लेट घ्या, तुमच्या स्टँडर्डच्या एंडप्लेटच्या मापाची, तिला काटकोनात साधारण १०० मिमी लांबीचा आडवा आधार, त्यावर तुमच्या ठरलेल्या कोडचा रूळ पक्का बसवा, टोकाला तांबं चढवलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाच्या) स्लीपरवर सोल्डर करून (दोन रुळांच्या मध्ये तांब्यात चीर पाडायला विसरू नका, नाहीतर शॉर्ट). असे दोन करा, एकसारखे. आता खरी परीक्षा, दोन्ही मास्टर तोंडाला तोंड लावा. एकेरी ट्रॅक मध्यावर असलेल्या स्टँडर्डमध्ये रूळ मध्यापासून ०.३ मिमी उजवीकडे सरकला असेल तर समोरच्याचाही त्याच्या उजवीकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे सरकलेला, मिळून ०.६ मिमीची पायरी दिसते. चूक दुप्पट होऊन समोर येते, हे फार कामाचं आहे, कारण नुसत्या मोजपट्टीवर ०.३ कोणालाच दिसत नाही. पायरी दिसली तर अर्धी इकडे अर्धी तिकडे दुरुस्त करा आणि परत लावून बघा. तोंडाला तोंड लावून पायरी जाईपर्यंत मास्टर मास्टर नाही.

मास्टर झाला की प्रत्येक मॉड्यूल त्याला लावायचं, शेजाऱ्याला नाही. जुनं मॉड्यूल असेल तर शेवटचे ५-६ सेंटिमीटर रूळ सोडवा, मास्टर क्लॅम्पने लावा, रूळ दोन्हीकडून सलग एकच तुकडा असल्यासारखा सरळ करा, पीसीबी स्लीपरवर सोल्डर करा आणि थंड झाल्यावरच मास्टर काढा. प्लेट झुकलेली असेल तर आधी प्लेट सोडवून गुण्यात बसवा, झुकलेल्या प्लेटवर नवीन रूळ बसवणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. पाचर मारायची असेल तर पत्र्याची मारा, कागद दबतो आणि दोन महिन्यांनी परत तेच. शेवटी रुळाच्या टोकाची आतली वरची धार बारीक कानसेने अगदी दोन-तीन घासात मोडा, इथे मात्र कानस चालते कारण इथे आपण माप बदलत नाहीये.

लाकडाचं एक सांगतो. भरीव लाकडाची फळी लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याने चांगलीच फुगते आणि आक्रसते, १०० मिमी रुंद फळी एक-दोन मिमी सहज बदलते. म्हणून एंडप्लेट प्लायचीच करा आणि सगळ्या बाजूंनी, कापलेल्या कडांसकट, सील करा. कोरड्या दिवसांत जुळलेला सांधा दमट दिवसांत चुकतो तो बहुतेक यामुळे. रूळ तापून वाढतो ते खरं आहे पण १.२ मीटर रूळ १५ अंश तापला तर वाढ साधारण ०.३ मिमी, म्हणजे टोकाला पक्क्या बसवलेल्या रुळात मधे कुठेतरी तेवढी फट ठेवली की झालं.

जोडणीचा क्रमही बरेचदा उलटा होतो. खोलीत जमीन जिथे सगळ्यात उंच तिथलं मॉड्यूल आधी उभं करा, कारण पायाचा स्क्रू बाहेर काढून उंची वाढवता येते पण तो पूर्ण आत गेल्यावर आणखी खाली जाता येत नाही. लेव्हल रुळाच्या डोक्यावर ठेवा. आधी सांधा जुळवून घट्ट, मग पाय टेकवा, आणि सगळं झाल्यावर कोणी टेबलासारखं टेकत नाहीये ना ते बघा, सकाळी नीट चाललेला सांधा दुपारी बिघडायचं मी पाहिलेलं सगळ्यात साधं कारण कोणाचा तरी कोपर हे होतं.

घसरत नाही पण सांधा ओलांडला की इंजिन थांबतं किंवा मंद होतं, तर ते विजेचं. जॉइनरमधून करंट नेऊ नका, प्रत्येक मॉड्यूलखाली जाड बस वायर (करंट नेणारी मुख्य तार) आणि तिच्यापासून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची फीडर, म्हणजे छोटी तार. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम रोध असतो, २० मीटर लांब लेआउटला जाणं-येणं धरून ४० मीटर, म्हणजे ०.४८ ओहम, ३ अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट वाटेतच गेला, प्लगांचं वेगळंच. २.५ चौरस मिमी घातली तर हे बरंच कमी होतं. डीसीसी (गाड्या डिजिटल पद्धतीने चालवणं) असेल तर बूस्टरपासून, म्हणजे रुळांना करंट देणाऱ्या यंत्रापासून, सगळ्यात लांबच्या मॉड्यूलवर रुळांवर नाणं आडवं ठेवा, बूस्टर ताबडतोब ट्रिप व्हायला हवा, नाही झाला तर वायर बारीक आहे किंवा प्लग सैल आहे, आणि हे गाडी चालवण्याआधी दुरुस्त करायलाच हवं कारण न ट्रिप होणारा शॉर्ट डबा वितळवू शकतो. तारांच्या रंगांचा नियम पाळा, टी-ट्रॅकमध्ये दोन लाइनच्या चार रुळांच्या तारा पुढून मागे निळी-पांढरी-पांढरी-निळी, एकाने निळी-पांढरी-निळी-पांढरी केली की एका लाइनला तिथे शॉर्ट आणि शोधताना अर्धा दिवस जातो.

माझं ते मॉड्यूल आता मास्टरवर बसवलंय, प्लेट सोडवून नव्याने लावली, घासून पातळ झालेला दोन्ही टोकांचा रूळ कापून टाकला आणि नवीन टाकला. त्याच्या खाली चिकटपट्टीवर तारीख आणि दोन्ही टोकांचं माप लिहून ठेवलंय, मास्टरला लावून किती कागद जातात ते, सध्या एका टोकाला शून्य आणि दुसऱ्याला एक. पुढच्या जोडणीआधी परत लावून बघणार आहे, त्या एकाचे दोन झाले तर प्लेट अजून हलतेय असं समजेन.